बेटावरची एकोणीस घरटी

१

अंडं बेचाळीस मिलिमीटर लांब आणि एकतीस रुंद होतं. मातकट रंगावर तपकिरी ठिपके. जाड टोकाकडे दाट, निमुळत्या टोकाकडे विरळ. विमलाबाईंनी ते तळहातावर फिरवत भिंगातून पाहिलं. कुठे तडा नव्हता, चोचीची खूण नव्हती, दाताचा ओरखडा नव्हता. बाहेरून अंडं धडधाकट होतं. आतून ते मेलेलं होतं.

त्यांनी ते खळग्यात परत ठेवलं आणि वहीत त्या घरट्याच्या आकड्यापुढे फुली मारली. ही एकोणिसावी फुली.

निफाडच्या पुढे धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की मधोमध एक बेट उघडं पडतं. शंभर पावलं लांब, पन्नास पावलं रुंद, वर एक झुडूपही नाही. नदी सुरय नावाचा काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा पक्षी तिथे उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. विमला पगारे नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. गेले सात उन्हाळे त्या दर शनिवारी एसटीने येऊन ही घरटी मोजत होत्या. गेल्या शनिवारी, म्हणजे ब्याऐंशी सालच्या सतरा एप्रिलला, तेवीस घरटी होती आणि तेविसांवर पक्षी बसलेले होते. आज पूर्वेच्या टोकाला चार जोड्या उरल्या होत्या. बाकीची पाखरं अंडी टाकून निघून गेली होती.

धोंडीराम होडीपाशीच उभा राहिला होता. बेटाचा रोजंदारीवरचा राखणदार तोच, आणि होडीही त्याचीच. येत्या जूनपासून त्याला कायम करणार, असं ठरत आलं होतं. एरवी तो बाईंच्या पुढे चालत पाऊल कुठे टाकायचं ते सांगायचा. आज तो घोटाभर पाण्यातून बाहेर आला नव्हता.

"धोंडीराम, या आठवड्यात इथे कोण आलं होतं?"

"मला काय ठावं नाय, बाई."

"राखणदार तुम्ही ना?"

"हाय ना," तो म्हणाला आणि वल्ह्याकडे बघत राहिला.

दुपारी वनखात्याचे साहेब जीप घेऊन आले. होडीच्या फळीखाली त्यांना एन्ड्रिन या कीटकनाशकाचा अर्धा डबा सापडला. मासे मारायला धोंडीरामने पाण्यात औषध ओतलं आणि तेच पाखरांना भोवलं, असा त्यांनी तिथल्या तिथे निवाडा केला. आता तरी हा तोंड उघडेल, असं विमलाबाईंना वाटलं. धोंडीरामने एकदा, फक्त एकदा, त्यांच्याकडे पाहिलं.

"साहेब म्हणत्यात तसंच आसंल," तो म्हणाला आणि स्वतःहून जीपमध्ये जाऊन बसला.

२

विष असतं तर आधी मोठी पाखरं मेली असती. बेटावर एकही पाखरू मरून पडलेलं नव्हतं, काठावर मासाही नाही. न फुटलेल्या अंड्याला विष पोचायला वाट नसते, आणि टणक कवचातून एन्ड्रिन आत जाऊन एकाच वेळी एकोणीस घरटी मारील, हे विमलाबाईंना पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी साहेबांना तसं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की बाई, तुमचंच भलं होतंय, तुम्ही कशाला आडव्या येता?

ते खरं होतं. तीस एप्रिलला नाशिकला समितीची बैठक होती. बेट आणि भोवतालचा पाणथळ भाग अभयारण्य करावा की नाही, हे ती समिती ठरवणार होती. पक्ष्यांवर विषप्रयोग झाला म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? सात वर्षांचे तक्ते जे करू शकले नसते ते एक डबा करणार होता. त्यापायी धोंडीरामची नोकरी जाणार होती आणि खटला उभा राहणार होता, एवढंच.

रावजीचा मळा काठालाच होता. पाणी ओसरलेल्या गाळात तो कलिंगडं काढायचा. अभयारण्य झालं की ही गाळपेर बंद होणार, म्हणून त्याचा बाईंवर राग होता, आणि तो राग त्याने कधी लपवला नव्हता.

"या मास्तरीणबाई," तो म्हणाला. "पाखरं मेली म्हणं. तुमच्या पाखरांना घटकाभर काय झालं की सरकार धावतं. आमची माणसं बारा महिने उन्हात करपत्यात, तिकडं एक जीप येत नाय."

डबा कोणाचा, असं त्यांनी सरळ विचारलं. रावजीने आढेवेढे घेतले नाहीत. डबा त्याचाच होता. वेलींवर फवारायला पैलतीरावरून आणवला होता आणि धोंडीराम तो उतरवून द्यायला विसरला होता. हे साहेबांना का नाही सांगितलं, यावर तो हसला. साहेबांनी त्याला विचारलंच नव्हतं.

मग तो आपणहून बोलू लागला. बुधवारी भर दुपारी त्या पाखरांनी नुसता कल्ला मांडला होता. वेलींना पाणी धरताना त्याचे कान किटले होते. तास झाला, दीड तास झाला, तरी पाखरं वरच्या वर घिरट्या घालतच होती, खाली काही टेकत नव्हती.

"त्या वेळी बेटावर कोण होतं?"

"कोणी नाय. धोंड्या गेला होता, तो लगीच एकटा परत आला. ह्या इथं बाभळीखाली बिडी वढत बसला."

"आणि तो परत आल्यावर पाखरं गप्प झाली?"

रावजीने हातातलं खुरपं थांबवलं. "नाय," तो म्हणाला. "तो आल्यावरच तर खरा कल्ला झाला."

३

बेटावर कोणी नसताना पाखरं दीड तास खाली टेकत नाहीत, असं होत नाही. म्हणजे कोणीतरी होतं.

रविवारी सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत विमलाबाईंनी बेटावरून आणलेली तीन अंडी फोडली. त्या प्रत्येक घरट्यात अंडं कोणत्या दिवशी पडलं ते धोंडीरामने सांगितल्यावरून त्यांच्या वहीत होतं: पाच तारीख, आठ, नऊ. पहिल्यातल्या गर्भाच्या बोटांना नखं फुटू लागली होती. दुसऱ्यात पिसांची नुसती रांग उमटली होती. तिसरा त्याहून एका दिवसाने लहान. सोळा दिवस, तेरा दिवस, बारा दिवस. वयं वेगवेगळी होती, पण बेरीज केली की तिघांचाही शेवट एकवीस तारखेवर येत होता. एकवीस म्हणजे बुधवार.

मग त्यांनी आलेखाचा कागद पुढे ओढला. दर आठवड्याला एका ठरावीक दगडापासून टेप धरून त्या प्रत्येक घरट्याची जागा मांडत. आज त्यांनी मेलेल्या घरट्यांना लाल आणि जगलेल्यांना निळा ठिपका दिला. कुत्रा फिरला असता तर ठिपके वाकड्यातिकड्या वाटेने गेले असते. एकोणीस लाल ठिपक्यांनी बरोबर एक वर्तुळ भरलं होतं, तीस फूट त्रिज्येचं. निळे चार वर्तुळाच्या बाहेर होते.

वर्तुळ आहे म्हणजे केंद्र असलंच पाहिजे. पण त्या जागी कागदावर काहीच नव्हतं.

जवळपास होती ती एकच वस्तू, आणि ती सगळ्यात जवळच्या घरट्यापासूनही चाळीस फूट दूर होती: लपण. चार बांबू, त्यांवर गोणपाट, पुढे कॅमेऱ्यापुरती फट. आत बसून पक्ष्यांचे फोटो घ्यायचे. विमलाबाईंनी सतरा तारखेला स्वतः ते मुद्दाम लांब उभं केलं होतं. त्यांचा नियम ठरलेला होता. लपण रोज पाच फूट पुढे सरकवायचं, म्हणजे आठवडाभरात पाखरं त्याला दगडासारखं मानू लागतात. लपणाकडे दोघांनी जायचं आणि एकाने परत यायचं. पाखराला मोजता येत नाही, एक गेला की त्याच्या लेखी सगळे गेले. काल शनिवारी लपण जिथल्या तिथे होतं. सरकवायला अजून सुरुवातच झाली नव्हती, त्याला हात लागलेला नव्हता.

निदान दिसत तरी तसं होतं. दुपारच्या गाडीने त्या पुन्हा निफाडला गेल्या. रावजीने कुरकुरत का होईना, आपल्या डोणीतून त्यांना बेटावर सोडलं. दगडापासून टेप टाकून त्या वर्तुळाच्या केंद्राशी पोचल्या आणि गुडघे टेकून बसल्या. भेगाळलेल्या गाळावर वाळकं गवत पसरलेलं होतं. त्यांनी ते बाजूला केलं.

खाली चार भोकं होती. प्रत्येक पावणेदोन इंच रुंद, बांबूएवढं. लपणाच्या जागेपासून इथपर्यंत मध्ये एकही भोक नव्हतं.

४

मल्हारी थेटे यांचा स्टुडिओ गंगापूर रोडला होता. पोटासाठी लग्नं आणि पासपोर्ट, सुट्टीला पक्षी. विमलाबाईंशी त्यांची अकरा वर्षांची ओळख होती. बाईंचे तक्ते आणि मल्हारींचे फोटो एका फायलीत असायचे.

सोमवारी त्या गेल्या तेव्हा मल्हारी एक मोठी प्रत सुकायला टांगत होते. समितीपुढे ठेवायचा फोटो तोच. सुरय दोन अंड्यांवर उभी, चोच उघडी, पंख सैल सोडलेले, डोळ्यात सूर्याचा कवडसा. इतका जवळचा फोटो त्यांनी यापूर्वी घेतला नव्हता.

"कशी वाटते?" मल्हारींनी विचारलं. "अध्यक्षांच्या डोळ्यांत डोळे घालून बघेल."

फोटो कधीचा, असं बाईंनी विचारलं. रविवारचा, अठरा तारखेचा, सकाळी आठचा, लपण आपण ठेवलं होतं तिथूनच, असं उत्तर आलं. बाईंनी प्रत उजेडाकडे धरली. सकाळी आठला सावली लांब पडते, पश्चिमेकडे. या पक्ष्याची सावली त्याच्या पोटाखाली वाटीएवढी गोळा झाली होती. आणि मल्हारींकडची सर्वांत लांब लेन्स एकशे पस्तीस मिलिमीटरची. चाळीस फुटांवरून तिच्यात सुरय कबुतराच्या पिसाएवढी दिसली असती. इथे ती चौकट भरून उभी होती.

अंडी मेल्याचं मल्हारींना शनिवारीच कळलं होतं. बुधवारी झालं म्हणतात, असं बाई म्हणाल्या.

"बुधवारी मी इगतपुरीला," मल्हारी लगेच म्हणाले. "लग्न होतं. दिवस तिथेच गेला."

त्यांनी ते न विचारता सांगितलं. बाईंची नजर भिंतीवरच्या तारेकडे गेली. फोटोच्या ऑर्डरी चुकू नयेत म्हणून मल्हारी सगळ्या लग्नपत्रिका तिथे ओवून ठेवत. एकवीस तारखेची पत्रिका वरच होती, हळद-कुंकवाच्या बोटांसकट. मुहूर्त गोरज होता, सायंकाळी सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांचा. वरपक्ष साडेचारला उतरणार होता.

त्यांनी पत्रिका तारेवरून काढली आणि काउंटरवर फोटोशेजारी ठेवली.

"मल्हारीभाऊ, बुधवारी लपणात किती वेळ होतात?"

५

मल्हारींनी पत्रिकेवरची तारीख वाचली. मग गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले. आपल्याच स्टुडिओत ते फोटो काढून घ्यायला आल्यासारखे दिसत होते.

"साडेअकरा ते एक," ते म्हणाले. "मला वाटलं, पाच मिनिटांत बसतील. नेहमी बसतात."

"नेहमी आपण आठवडाभर लपण सरकवतो."

"आठवडा कुठे होता, बाई? लग्नसराई. बुधवारची सकाळ तेवढी मोकळी होती. तुम्हीच म्हणालात, पंचविसाच्या आत हवा. तक्ते कोणी वाचत नाही, जवळचा फोटो आणा, म्हणालात."

त्या म्हणाल्या होत्या. मार्चमध्ये, याच काउंटरपाशी.

"पाखरं बसत नाहीत हे दिसल्यावर बाहेर का नाही पडलात?"

"तुमचाच नियम. नावाडी परत आल्याशिवाय लपणातून निघायचं नाही. माणूस निघताना एकदा दिसला की पाखरू ती जागा सोडतं. मी निघालो तर ती कायमची जातील, असं वाटलं मला. म्हणून बसून राहिलो. अंगावर घामाच्या धारा, पण हललो नाही. शेवटी एक येऊन उभी राहिली. मला वाटलं, जमलं."

एप्रिलच्या भर दुपारी त्या बेटाची माती पंचावन्न अंशांवर तापते. सुरय अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पोट पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. ती उठली की अंडं मरायला अर्धा तास पुष्कळ होतो. विमलाबाई हे दर वर्षी वर्गात शिकवत. मल्हारींना त्यांनी पक्ष्यांनी माणसाला घाबरू नये म्हणून काय करायचं ते सगळं शिकवलं होतं. हे शिकवायचं राहिलं होतं. नियम पाळणाऱ्याला ते लागेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

एक वाजता धोंडीराम आला. दोघांनी मिळून लपण उचलून जुन्या जागी ठेवलं आणि भोकांवर गवत टाकलं. अंडी मेली हे मल्हारींना तेव्हा ठाऊक नव्हतं. बाईंना घाई केल्याचं कळू नये एवढाच हेतू होता, असं ते म्हणाले. बाईंनी त्यावर विश्वास ठेवला. तो ठेवला म्हणून काही सोपं झालं नाही.

"चार दिवस थांबा," मल्हारी म्हणाले. "बैठक होऊ दे. बेट कागदावर सुरक्षित झालं की मी स्वतः पोलिसात जातो. आज बोललात तर फोटो गेला, तुमचं टिपण गेलं, बेटही गेलं. मग ती एकोणीस घरटी फुकट मेली म्हणायची."

विमलाबाई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा हातात पत्रिका तशीच होती.

बुधवारी त्या निफाडला कोठडीत धोंडीरामला भेटल्या. तो गजांपाशी आला आणि त्यांना बसायला काही नाही म्हणून ओशाळला. खरं का सांगत नाही, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला.

"भाऊ म्हणले, बाईंनी सांगितलंय, लपण आजच पुढं न्यायचं. तुमचा हुकूम म्हणून मी बांबू उचलले. आता तुमचं नाव मी कसं घिऊ? सात वर्सं तुम्ही त्या उन्हात बसलाव. तुमचं काम हू द्या. माझं काय, सुटंन कवातरी."

त्या दिवशी जीपमध्ये बसण्यापूर्वी त्याने आपल्याकडे का पाहिलं होतं, ते विमलाबाईंना आता कळलं. तो परवानगी मागत होता. आणि गप्प राहून त्यांनी ती दिली होती.

मी असं काही सांगितलं नव्हतं, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. ते पुरतं खरं नव्हतं.

बाहेर पायरीवर धोंडीरामची बायको नवसाबाई भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत सोडत नव्हते. बाईंना पाहून ती उठली नाही.

"बाई, पाखरं मोजता ना तुम्ही," ती म्हणाली. "त्यात आमचं बी एक माणूस धरा."

विमलाबाईंनी मान हलवली, हवालदाराला सांगून भाकरी आत पोचवली, आणि एसटी धरून नाशिकला परत आल्या. फौजदारांची खोली त्या पायरीपासून दहा पावलांवर होती. त्या तिथे गेल्या नाहीत. गुरुवारी त्यांनी दोन तास घेतले आणि एक प्रात्यक्षिक.

६

शुक्रवारी बैठकीला नऊ जण होते. मल्हारी भिंतीकडेच्या खुर्चीत बसले होते. सुरयचा फोटो एका हातातून दुसऱ्या हातात जात होता. कोणी म्हणालं, काय डोळा आहे. कोणी म्हणालं, आईची माया ती आईची माया, उन्हात कशी उभी राहिलीय बघा. उघड्या चोचीकडे बोट दाखवून एकाने विचारलं, ही गातेय का? विमलाबाईंना ठाऊक होतं, ती गात नव्हती. ती धापा टाकत होती.

वनखात्याच्या साहेबांनी विषप्रयोगाचा अहवाल वाचला. डब्याचा उल्लेख झाला, धोंडीरामचं पूर्ण नाव वाचलं गेलं. अध्यक्ष म्हणाले की आता दुमत असायचं कारण नाही. अशा माणसांपासून बेट वाचवायचं तर शिफारस आजच गेली पाहिजे. सगळ्यांच्या सह्या झाल्या. कागद फिरत फिरत विमलाबाईंपुढे आला.

कागदावर त्यांचेच शब्द होते. सात वर्षांचे आकडे, घरट्यांची सरासरी, आणि 'मानवी हस्तक्षेपापासून तातडीने संरक्षण आवश्यक' हे शेवटचं वाक्य. त्यांनी ते पुन्हा वाचलं. सही केली तर बेट वाचणार होतं. पुढच्या एप्रिलला तिथे अंडी घालायला किती जोड्या येतील याची खात्री नव्हती. एकदा अशी जागा सोडलेली सुरय वर्षानुवर्षं फिरकत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. कदाचित त्या एका रिकाम्या बेटाचं रक्षण करत होत्या. सही नाही केली, तर तेही नाही. रावजीची कलिंगडं बेटापर्यंत येतील, मल्हारींचा स्टुडिओ बसेल, त्यांच्या टिपणाला यापुढे कोणी हात लावणार नाही. कोणत्याही बाजूने मोजलं तरी शिल्लक काही उरत नव्हतं. उरत होता तो एक माणूस.

"बाई, तुमची सही," अध्यक्ष म्हणाले.

मल्हारी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी किंचित मान हलवली. थांबा, असं ते म्हणत होते की बोला, हे विमलाबाईंना कळलं नाही, आणि आता त्याने फरकही पडणार नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण बंद केलं.

"धोंडीरामने विष घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात असतो तसाच होता. "तो डबा दुसऱ्याचा आहे, आणि विषाने काहीही मेलेलं नाही. या फोटोतलं पाखरू ज्या अंड्यांवर उभं आहे, ती अंडी फोटोच्या आधीच उन्हाने मेलेली आहेत. लपण घरट्यांच्या मधोमध नेलं, म्हणून दीड तास कोणी पाखरू खाली बसू शकलं नाही. अशी एकोणीस घरटी गेली. हा फोटो मल्हारी थेटे यांनी काढला, आणि तो पंचवीस तारखेच्या आत हवा म्हणून हट्ट मी धरला. हे मला सोमवारपासून ठाऊक आहे. आज शुक्रवार आहे."

साहेबांनी अहवालावर हात ठेवला. लिहून घेणाऱ्या कारकुनाने अध्यक्षांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि दबकत विचारलं की आरोपीच्या जागी नाव कोणतं घालायचं.

"त्या माणसाला आज संध्याकाळपर्यंत सोडा," विमलाबाई म्हणाल्या. "आणि तिथे दोन नावं येतील. माझं आधी लिहा."